गिऱ्हाइकांचा डबा

तिने घरच्या घरी शिवणकाम सुरू केलं, तेव्हाच करसल्लागारांनी बजावलं होतं, "गिऱ्हाइकांच्या चहा-बिस्किटांचा खर्च उत्पन्नातून वजा होतो, घरच्यांचा नाही. सरमिसळ नको, ताई."

तेव्हापासून घरात बिस्किटांचे दोन डबे झाले, एक घरचा, दुसरा गिऱ्हाइकांचा. चिमुरड्या लेकीने चुकून दुसऱ्या डब्याला हात लावला की ती मशीनवरूनच खेकसायची, "ठेव आधी! ती गिऱ्हाइकांची आहेत!"

आज ती मान मोडून शिवत बसली होती, तेवढ्यात दारावर टकटक झाली. बाहेर लेक उभी. खांद्यावर आईचीच पर्स, हातात बाहुलीचा फ्रॉक.

"या बाई, बसा," हसू दाबत तिने गिऱ्हाइकांचा डबा पुढे केला.



"बिस्कीट नको गं. गिऱ्हाईक आलं की तू मशीन थांबवतेस ना, म्हणून आले."