भाचीसाठी

गिटार वाजवून वाजवून त्याच्या बोटांना घट्टे पडले होते. पण आता त्याला धुक्यासारखं पसरणारं अँबियंट संगीत करायचं होतं, आणि त्यासाठी लागणाऱ्या सिंथ-सॅम्पलरसारख्या यंत्रांतलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. दुकानात "अगदी नवशिक्यासाठीचा सॅम्पलर दाखवा" म्हणताना त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"माझ्यासाठी नाही हो, भाचीला हवाय," त्याने ठोकून दिलं.

त्याला बहीणच नव्हती. विक्रेत्याला बरं मामा बनवलं, असं वाटून तो मनात हसला.

विक्रेत्याने एक छोटा सॅम्पलर पुढे ठेवला. "यात आवाज भरायचा आणि बटण दाबलं की तोच वाजतो. बोला काहीतरी."

तो माइकजवळ वाकून ओशाळत म्हणाला, "हॅलो." मग बटण दाबलं.

"मामा," एका लहान मुलीचा आवाज आला.

"आधीच्या कुणाचं तरी राहिलं असेल," म्हणत विक्रेत्याने सगळं पुसलं. या खेपेला बोलण्याऐवजी त्याने शेजारी टांगलेल्या गिटारची नुसती तार छेडली आणि बटण दाबलं.

"मामा, माझ्यासाठीच ना?"

त्याचे कान तापले. "खरं सांगतो," तो मान खाली घालून पुटपुटला, "मला भाची नाहीये."

विक्रेता त्याच्याकडे बघतच नव्हता. त्याच्या शेजारी, कमरेएवढ्या उंचीवर बघत होता.

"काय हो हे! पोरीसमोर असं बोलतात का? रडायला लागली ना ती."