बक्षीस एकदाच

“तुला आधीच मिळालंय म्हणतात,” ट्रेव्हर म्हणाला. “एकशे पंच्याहत्तर पाउंड. मार्चमध्ये.”

जॅनिसने पॅनमधलं सॉसेज उलटलं.

जुनं खातं बंद करून नव्या बँकेत नेलं की नवी बँक बक्षीस देते, आणि ट्रेव्हरला त्याचा भारी नाद. हल शहरातल्या साऱ्या बँका त्याने धुंडाळल्या होत्या. आता कुठलीच त्याला दुसऱ्यांदा द्यायला तयार नव्हती, म्हणून आज त्याने बायकोचं नाव पुढे केलं. तिला न विचारता फोनवर अर्ज भरून मोकळा झाला. बँकेचं उत्तर आलं ते दोन ओळींचं: या ग्राहकाला बक्षीस दिलेलं आहे. एका माणसाला एकदाच.

“त्यांची काहीतरी चूक झाली असेल,” ती म्हणाली.

“बँकेची? अगं, बँकेची चूक झाली की आपले पैसे जातात. आपल्याला मिळाल्याचं ऐकलंयस कधी?”

ती हसली नाही. त्याने तिचे केस धरले आणि डोकं फ्रिजच्या दारावर आपटलं. वरचा पावाचा डबा खाली पडला. दुसऱ्या वेळी दाराची कड लागली आणि भुवई फाटली. रक्त डोळ्यात उतरलं, तेव्हा तिला पहिल्यांदा खरी भीती वाटली. मरणाची नव्हे, सोमवारची. त्याला सोडून जायला तिने ब्रिडलिंग्टन गावात गुपचूप ठरवलेल्या खोलीची अनामत याच बक्षिसातून भरली होती, पहिलं भाडं तिने लपवून उघडलेल्या त्याच खात्यात पडून होतं, आणि सोमवारी सकाळी चावी मिळणार होती.

“कुठंय ते खातं? किती आहेत त्यात?”

“ट्रेव्हर, सोड. दुखतंय.”

“दुखायलाच हवं. माझ्या छपराखाली राहून माझ्याशीच चोरी!”

त्याने तिला खुर्चीत आदळलं, बँकेला फोन लावला आणि स्पीकर चालू करून तिच्यासमोर धरला. दुसऱ्या हाताने तिची करंगळी उलटी धरून ठेवली. “विचार, किती आहेत. गोड बोल. आणि सगळे माझ्या खात्यात टाकायला सांग.”

फोनवर एक स्कॉटिश बाई आली. नाव, जन्मतारीख, आईचं माहेरचं नाव असं सगळं विचारून झालं. जॅनिसच्या तोंडात रक्त होतं, शब्द चिकटत होते.

“हो, मिसेस ऑकल्टन, बक्षीस तुम्हाला मार्चमध्येच दिलंय. दुसऱ्यांदा मिळणार नाही हो. आणखी काही मदत करू?”

ट्रेव्हरने करंगळी वाकवली. कट् असा बारीक आवाज झाला. जॅनिस किंचाळली.

“शिल्लक विचार, मूर्ख बाई!” तो तिच्या कानात ओरडला.

मग फोनवरची बाई हळूच म्हणाली, “मिसेस ऑकल्टन, तुम्ही एकट्या आहात का? फक्त हो किंवा नाही म्हणा.”

ट्रेव्हरने डोळे वटारले आणि मान जोरजोरात हलवली. हो म्हण. त्याची मूठ वर गेलेली होती. जॅनिसला ती चांगली ओळखीची. हो म्हटलं की मूठ खाली येईल, सॉसेज खाल्ली जातील, आणि सोमवारची चावी दुसऱ्याच कुणाच्या हातात पडेल.

“नाही,” ती म्हणाली. “नवरा आहे. मारतोय. पोलीस पाठवा. चौदा, कॉलर स्ट्रीट.”

मूठ तिच्या गालावर बसली. खुर्चीसकट ती फरशीवर पडली, फोन टेबलाखाली घरंगळला.

“चौदा!” जॅनिस फरशीवरून ओरडली, आणि त्याचा बूट बरगडीत बसत असताना तिने रस्त्याचं नाव पुन्हा, एकेक अक्षर सुटं करून सांगितलं.