रामाजीनं दाखवलेलं गाव

"हे रूपराव देशमुखाचं," रामाजीनं काठीनं दाखवलं. "पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इथं उरलेली पुरणपोळी भेटे."

तानाबाईनं पाहिलं. शेणाचा ढीग, मोरीतून वाहणारं काळं पाणी आणि एक ठेंगणं दार. हे सातवं घर होतं आणि ही सातवी मोरी. तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

बुद्धपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी ही सतरा माणसं पहाटेच सेलूहून पायी निघाली होती. आदल्या दिवशी वंदनेला घातलेले पांढरे कपडेच अंगावर होते. नागपूरला दीक्षा घेतली त्याला सात महिने झाले होते. तानाबाईचा सासरा मरेपर्यंत एकच गोष्ट सांगत राहिला. पेठगावच्या वेशीचे काळे दगड आपल्या वाडवडिलांनी डोक्यावरून वाहिले, आणि आपण मात्र ती वेस जन्मभर लांबून पाहिली. त्या वेशीतून ताठ मानेनं आत जायचं, दगडी चौकात उभं राहायचं, एवढ्यासाठी तानाबाई आली होती. वाट दाखवायला रामाजी होता. चाळीस वर्षं तो पेठगावचा कोतवाल, घरोघरी राबणारा गावनोकर. दीक्षा घेतली तसं काम सोडलं. त्याच्याइतकं ते जुनं गाव दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार?

आणि या बाबानं काय केलं, तर वेस सोडून सगळ्यांना तटाच्या पडक्या भगदाडातून आत आणलं. सांगत मात्र होता भरभरून. या गोठ्यातून कोणत्या साली मेलेला बैल ओढून नेला, या परसात किती गाड्या सरपण फोडलं, कोणत्या घरचं कुत्रं चावरं. बाकीचे माना डोलावत होते. तानाबाई दातओठ खात होती.

एक दार करकरलं. आतल्या बाईनं खरकट्या पाण्याची बादली थेट त्यांच्या पायांवर रिकामी केली आणि दार लावून घेतलं. तानाबाईचं पांढरं लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलं. रामाजीवर एक थेंब नव्हता. पाणी पडायच्या आधीच तो बाजूला सरकला होता.

आता मात्र तिचा तोल गेला.

"बाबा, आमी मोऱ्या पाहाले आलो काय? समोरून काऊन नेत नाई? त्या पाटलाले भेऊन राह्यले तुमी. धम्म घेतला, पन पाय अजून कोतवालाचेच आहेत."

असं म्हाताऱ्या माणसाला चारचौघांत बोलू नये. कोणी तिला आवरलंही नाही. सगळ्यांच्याच मनात ते होतं.

रामाजीनं तिच्या भिजल्या लुगड्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "चाला."

तटाला वळसा घालून तो त्यांना वेशीसमोर घेऊन आला. सासऱ्यानं सांगितली होती त्याहून ती उंच होती. तिच्या ओट्यावर बबनराव पाटील बसला होता. बाजूला चार जण, चौघांच्या हातांत काठ्या. बातमी पुढे पोचली होती.

"रामा," पाटील बसल्या जागेवरून बोलला, "तुही वाट तिकून आहे."

रामाजीनं एकदा मागे, भगदाडाच्या वाटेकडे पाहिलं. आता हा वळणार, तानाबाईला वाटलं. वळला तर आपण त्याला ओलांडून पुढे जायचं, मग डोकं फुटलं तरी चालेल.

"ते वाट पाहून झाली, बबनराव," रामाजी म्हणाला.

पाटील नाही, मालक नाही. नुसतं बबनराव. ओट्यावरच्या माणसांना ते समजायलाच क्षण लागला, आणि तेवढ्यात रामाजी वेशीच्या आत होता. मागोमाग सोळा जण. एक काठी उगारली गेली. पाटलानं ती हातानंच खाली केली.

"जाऊ दे आत. बाहेर तर येतीलच."

रस्त्यात दोन्ही बाजूंची दारं धडाधड लागत गेली. कोणी तरी पचकन थुंकलं. तानाबाईनं मान खाली घातली नाही. चौकात पोचल्यावर तिनं डोळे भरून पाहिलं. दगडी पायऱ्या, पितळी कड्या, कोरीव कमानींची पुरुषभर उंच दारं. हे खरं गाव. भीती होतीच, पण तिच्याहून आनंद मोठा होता. म्हाताऱ्यावरचा रागही थोडा निवळला.

"हे कोनाचं घर, बाबा?" तिनं सगळ्यात मोठ्या दाराकडे बोट केलं.

रामाजी उंबऱ्यापासून कमानीपर्यंत बघत राहिला. 

"बरं, ते बाजूचं?"

त्यानं तेही पाहिलं. पायऱ्या पाहिल्या. मागे वळून आलेला रस्ता पाहिला.  पुन्हा भ्यायला, तिच्या मनात आलं, आणि निवळलेला राग परत उसळला.

"चाळीस वर्सं इथं राबले तुमी. अन् घर ओळखू येत नाई?"

"त्याचं मागचं दार दाखवा, बाई," रामाजी म्हणाला. "मंग सांगतो."