पश्चिमेकडचा रस्ता

कपाट रिकामं झालं होतं, चादरी धुवायला गेल्या होत्या, तरी डार्सी मॅकिनन वसतिगृहाच्या खिडकीपासून हलायला तयार नव्हता.

"शेणकिड्या, तुमच्या फार्मवरून इथवर यायला अख्खा दिवस जातो," शेजारच्या पलंगावर पसरलेला जोनो म्हणाला. "संध्याकाळशिवाय तुझे बाबा काही येत नाहीत. चल, पोहायला जाऊ."

"कालच निघाले असतील."

"मग रस्त्यात झोपले असतील." जोनोने ओला टॉवेल त्याच्या डोक्यावर फेकला. "सुट्टीत मला विसरू नकोस म्हणजे झालं. तुझ्या त्या घोड्यापेक्षा मी बरा दिसतो."

"नाही दिसत," डार्सी म्हणाला, आणि दोघेही हसले.

ऑगस्टमध्ये, म्हणजे इथल्या भर हिवाळ्यात, त्याला असं हसता आलं नसतं. त्या थंडीत एका पहाटे तो नाइटड्रेसवर शाळेचा स्वेटर चढवून फाटकाबाहेर पडला होता आणि हायवेच्या कडेने पश्चिमेकडे, घराच्या दिशेने, चालत सुटला होता. एका दूधवाल्या ट्रकने त्याला परत आणून सोडलं. वसतिगृह सांभाळणारे पेंडरी सर रागावले नाहीत. त्यांनी त्याच्यापुढे चहा आणि लोणी लावलेला टोस्ट ठेवला आणि विचारलं, "घरी आत्ता काय चाललं असेल?"

डार्सीला सांगताना थांबताच येईना. पवनचक्कीची करकर. पाण्यावर येणारी गुरं आणि त्यांच्या मागे उठणारी लाल धूळ. कुंपणाशी उभा राहून फुरफुरणारा त्याचा घोडा, कॉपर. आपल्या घराखेरीज दुसरा दिवा दिसणार नाही एवढी मोठी रात्र. सर ऐकत राहिले. त्याच दिवशी त्यांनी त्याच्या वडिलांना फोन केला.

तेव्हापासून दर गुरुवारी सरांच्या खोलीत चहा ठरलेला. सरांनीच त्याला एक युक्ती शिकवली. झोप आली नाही की डोळे मिटायचे आणि मनातल्या मनात घरच्या फाटकापासून कुंपणाकडेने चालत निघायचं. डार्सी चालायचा. सुरुवातीला उशी भिजायची. पुढेपुढे ओढ्यापर्यंत पोचायच्या आतच त्याला झोप लागू लागली. आपण इथे असलो तरी घर तिथे आहे, जिथल्या तिथे आहे, एवढं एकदा मनात बसलं आणि त्याला जेवण जाऊ लागलं. तो क्रिकेटच्या संघात आला. नववीच्या शेवटच्या परीक्षेत त्याचा गणितात बरा नंबर लागला.

फोनवर मात्र त्याने यातलं काही सांगितलं नव्हतं. घरचे फोन अलीकडे आखूडच असायचे. "कॉपर कसा आहे?" असं विचारलं की बाबा म्हणायचे, "मजेत आहे. चांगली काळजी घेतात त्याची." आई म्हणायची, "बाकीचं भेटल्यावर बोलू."

गाडी आली तेव्हा अजून सकाळच होती. डार्सी जिना धडधडत उतरला. बाबांनी दाढी केली होती, अंगात इस्त्रीचा शर्ट होता. त्यांनी त्याला असं घट्ट धरलं की टोपी खाली पडली.

"उंच झालास रे."

"तुम्ही रात्रभर गाडी चालवली?"

"छे. झोपलो की चांगला."

पेंडरी सर बॅगा उचलायला आले. त्यांनी बाबांचा हात बराच वेळ हातात धरून ठेवला. "मिस्टर मॅकिनन, मला खरंच वाटलं नव्हतं की तुम्ही..."

बाबांनी मान हलवून त्यांना अडवलं. मग सर डार्सीकडे वळून म्हणाले, "आईला माझा नमस्कार सांग. आणि वर्ष चांगलं संपवलंस हेही सांग. तू सांगणार नाहीस, मला माहीत आहे."

जोनो खिडकीतून ओरडला, "शेणकिड्या, घोड्याला नमस्कार!"

गाडी फाटकाबाहेर पडली. डार्सीने काच खाली केली. गाडी स्वच्छ होती. लाल धुळीचा कणही नव्हता. आपल्याला न्यायला बाबांनी धुऊन आणली, असं त्याला वाटलं आणि बरं वाटलं.

"बाबा, तुम्हाला एक सांगायचंय. समोरासमोरच सांगायचं होतं, म्हणून फोनवर बोललो नाही."

"बोल ना."

"पुढच्या वर्षी मला जमेल. वसतिगृहात राहायला. मी आता रडत नाही. म्हणजे आठवण येते, रोज येते. पण सुट्टीत तिथेच जायचंय हे माहीत असलं की चालतं. तुम्ही आणि आईने माझी काळजी करू नका."

सिग्नल हिरवा झाला, तरी गाडी हलेना. मागच्याने हॉर्न दिला.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"कधीपासून जमतंय तुला?"

"सप्टेंबर संपता संपता. का?"

"काही नाही." त्यांनी गियर टाकला. "छान झालं. फार छान झालं, बेटा."

हायवेचा फाटा आला. पश्चिमेला उजवीकडे वळायचं. डार्सी सीटवर पुढे सरकून बसला. या वळणाची त्याने वर्षभर वाट पाहिली होती.

बाबा डावीकडे वळले.

"बाबा, रस्ता चुकला."

एकाला एक चिकटलेल्या घरांच्या गल्लीत ते शिरले आणि एका छोट्या विटांच्या घरापुढे त्यांनी गाडी थांबवली. आई पायरीवर उभी होती, हातातला कपडा पिळत. लहानशा हिरवळीवर त्यांची कुत्री साखळीला बांधलेली होती. ती फार्मवर कधी बांधलेली नसायची.

बाबांनी इंजिन बंद केलं, पण हात स्टिअरिंगवरून काढले नाहीत.

"ऑक्टोबरमध्ये फार्म विकलं, डार्सी," ते म्हणाले. "तुला आमच्याजवळ राहता यावं म्हणून."