थोरलीचा डावा डोळा

थोरलीच्या दारात येऊनही धाकटीचा हात कडीला लागेना. आज सांगून टाकायचंच, असं ठरवून ती घरातून निघाली होती. मग थोरलीनं झोडपून काढलं तरी चालेल.

नात्यानं त्या कुणी कुणाच्या नव्हत्या. बिस्किटांच्या कारखान्यात एका सरकत्या पट्ट्याशी समोरासमोर उभ्या राहून फुटकी, करपलेली बिस्किटं वेचायच्या. बघणाऱ्यांनीच त्यांना जावा-जावा ठरवून टाकलं आणि ही नावं पडली. धाकटीला काम शिकवलं थोरलीनंच. "फुटकं बिस्किट आणि नवऱ्याची थाप, लांबूनच ओळखता आली पाहिजे," असं ती म्हणायची.

मग वेचणारं यंत्र आलं. त्यावर लक्ष ठेवायला एकच बाई पुरणार होती. साहेबांनी एकेकीला आत बोलावलं. धाकटीचा नवरा आजारी, लेकरं लहान. "थोरलीचं काम कसं आहे?" साहेबांनी सहज विचारलं.

"तिला डाव्या डोळ्यानं नीट दिसत नाही," धाकटी बोलून गेली.

ही गोष्ट थोरलीनं सगळ्या कारखान्यात फक्त तिला सांगितली होती. या कानाचं त्या कानाला कळू देऊ नको, असं बजावून. दुसऱ्याच दिवशी साहेबांनी सगळ्यांचे डोळे तपासून घेतले. थोरली घरी बसली, धाकटी यंत्रापाशी उभी राहिली.

कडी वाजवायच्या आधीच दार उघडलं. थोरली केर टाकायला बाहेर निघाली होती.

"तू होय? ये, आत ये. मीच येणार होते गं तुझ्याकडे. पण तोंड दाखवायचा धीर होईना."

धाकटी खाटेच्या कडेला टेकली. "मला तुला काही सांगायचंय," ती म्हणाली.

"आधी माझं ऐक. नाहीतर परत जीभ रेटायची नाही." थोरली तिच्याशेजारी बसली. "साहेबांनी मला आत बोलावलं ना, तेव्हा मी काय म्हटलं माहितेय? मला ठेवा, म्हटलं. तुझ्या घरी काय चाललंय ते सगळं ठाऊक होतं मला. तरी तुझं नाव माझ्या तोंडून निघालं नाही. स्वतःपुरतं बघितलं मी. मग देवानं बरोबर डोळ्यावरच बोट ठेवलं. मला माफ कर गं."

ती मान खाली घालून रडायला लागली. धाकटीनं तिच्या पाठीवर हात ठेवला. सांगायचं ते अगदी ओठांशी आलं होतं. नुसतं तोंड उघडायचा अवकाश होता. तिनं ते उघडलं.

"जाऊ दे गं," ती म्हणाली. "केलं माफ."