पिवळा दिवा

धर्माकाकांची मान पुन्हा कलली. त्यांच्या पॅनलवरचा पिवळा दिवा पेटला तशी शेजारी बसलेल्या शलाकाने हात लांब करून त्यांचं बटण दाबलं. दिवा विझला.

दिवसभर रिअ‍ॅक्टरचे तेच ते आकडे बघून डोकं बधिर होतं, म्हणून कंपनीने दोघांपुढे हे दिवे बसवले होते. केव्हाही पेटायचे. बटण दाबलं तर माणूस जागा. नाही दाबलं तर भोंगा, आणि नाव थेट विनीतसाहेबांकडे. मग पॅनल सुटलं, बसा गोदामात पिंपं ढकलत. काकांचे गुडघे तर आधीच गेलेले.

"डुलकी लागली काय गं मला?" काकांनी डोळे चोळले.

"जरा."

"चहा घे. आलाय."

शलाकाने घोट घेतला. गार ढोण, वर साय. "हा कँटीनवाला मेला रोज गारच देतो. कधी आला?"

"आत्ताच," काका म्हणाले.

शलाकाला मन खात होतं. रिअ‍ॅक्टर तापला तर पहिली झळ भिंतीपलीकडच्या मोरिवलीला, आणि काकांचं घर तिथंच. आपण माया करतोय की घात, तिला कळेना. शेवटी तिने साहेबांना सगळं सांगून टाकलं.

साहेबांनी तिच्यासमोरच काकांना बोलावलं. "पोरगी खोटं बोलायची नाही," काका एवढंच म्हणाले. जाताना मात्र दारात थांबले. "साहेब, तिला एकटीला बसवू नका. शेजारी कुणीतरी द्या."

"नवा माणूस येईपर्यंत दोन्ही पॅनल तीच बघेल. तिचा भोंगा आजवर कधी वाजलाय का?"

काकांनी शलाकाकडे एकदा पाहिलं आणि डबा उचलला. तिला मान वर करवेना.

दुसऱ्या दिवशी खिडकीतून काका दिसत होते, लंगडत पिंप ढकलताना. आपण केलं ते बरोबरच केलं, असं शलाका स्वतःला बजावत राहिली. कँटीनवाल्याने वाफाळता चहा पुढ्यात ठेवला. तिने आकड्यांवर नजर लावली.

भोंगा वाजला.

ती दचकली. सवयीने हात काकांच्या बटणाकडे गेला. तिथला दिवा विझलेलाच होता. पेटला होता तो तिचा. आणि चहावर साय धरली होती.