बाहेरून धरलेली चौकट

शमिकाच्या नवऱ्याने, यतीनने, व्हॅनच्या पत्र्यात खिडकीसाठी चौकोन कापला आणि त्याच रात्री झोपेत तो गेला. आता लष्कराचं क्वार्टर रिकामं करायचं होतं. खिडकी बसली, की शमिका जयपूर सोडून साताऱ्याला निघणार होती.

ही खिडकी एकट्याने बसवता येत नाही. एकाने बाहेरून चौकट दाबून धरायची, दुसऱ्याने आतून स्क्रू आवळायचे. बाहेर तिचे सासरे हिंदुराव उभे राहिले. काचेवर अजून पांढरी फिल्म होती. तिच्यातून त्यांचे नुसते टेकलेले तळवे दिसत होते.

"मामंजी, सोडू नका हं."

"तू आवळ गं. पलटणीत तोफा ओढल्यात मी."

ऊन पत्र्यावर चरचरत होतं. मूठमूठ दाणे जात्यात सोडावेत तशी शमिका गुणगुणत एकेक स्क्रू आवळत गेली. मध्येच चौकट जराशी सैलावली, मग पहिल्यापेक्षा घट्ट बसली.

"आत्ता कसं धरलंत!"

तिने शेवटचा स्क्रू आवळला.

पुढच्या दारातून हिंदुराव चहाचे दोन ग्लास घेऊन आत चढले. "हात भरून आले, म्हणून भैयाच्या टपरीवर गेलो. हाक मारली की तुला."

शमिकाने वळून काचेकडे पाहिलं.

तळवे तिथंच होते.

हिंदुरावांनी ग्लास खाली ठेवले. शमिका मात्र काचेजवळ सरकली आणि निजलेल्याला उठवावं तशी हळूच म्हणाली, "सोड ना रे. मला जायचंय."

पत्रा करकरला. दोन तळव्यांच्या मधोमध, बाहेरून, काचेला एक कपाळ टेकलं.